रोजच्या वापरातील देखणी वस्तू कशी पारखावी: स्वयंपाकघरातील पाच वस्तूंचे मार्गदर्शन

पाण्याने भरलेला तांब्या उचलून पाहावा. बोटे आपोआप गळ्याभोवती जातात, काठ बाहेर वळलेला असल्यामुळे ओल्या हातातूनही तो निसटत नाही, पोटाचा घेर खाली असल्यामुळे तो सहसा कलंडत नाही आणि वाकवला की पाणी धारेने पडते, अंगावरून ओघळत नाही. यांपैकी एकही गोष्ट शोभेसाठी केलेली नाही आणि तरीही तांब्या देखणा दिसतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे येऊन १९५८ साली जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी भारतातील सगळ्या वस्तूंमधून लोट्याचीच निवड केली होती. लोटा कोणा एका माणसाने रचलेला नाही, तो अनेक पिढ्यांच्या हातांनी घडत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली.

त्या अहवालात लोट्याविषयी प्रश्नांची एक लांबलचक यादी आहे. त्यात किती पाणी मावावे, ते डोक्यावरून न्यायचे की कमरेवरून, रिकामा आणि भरलेला असताना तोल कुठे असतो, हात आत जाऊन घासता येईल इतके तोंड मोठे आहे का, डोळे मिटून हातात घेतल्यावर तो कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटल्यावर आवाज कसा येतो, किंमत किती आणि जुना झाल्यावर मोडीत काय येईल, असे प्रश्न येतात. मला वाटते की भांड्यांच्या दुकानात जाताना याहून उपयोगी शिदोरी नाही. पुढील मार्गदर्शन याच प्रश्नांच्या आधाराने लिहिले आहे. त्यासाठी मराठी घरांतील पाच वस्तू निवडल्या आहेत: तांब्या, बिडाचा तवा, विळी, मिसळणाचा डबा आणि रोवळी.

पहिली पायरी: खरेदीच्या आधी घराकडे पाहावे

एक आठवडा ओट्याजवळ कागद ठेवावा आणि काम करताना जिथे हात अडतो, ते त्यावर लिहावे. तांदूळ धुताना पातेल्यातून दाणे मोरीत जातात, आंबोळी तव्याला चिकटते, फोडणीच्या वेळी मोहरीची बरणी सापडत नाही, नारळ खोवायला कोणीच तयार होत नाही, अशा नोंदी होतील. आठवड्याअखेर जी नोंद सर्वांत जास्त वेळा आली असेल, त्या कामाची वस्तू आधी घ्यावी आणि एका वेळी एकच घ्यावी. नवी वस्तू अंगवळणी पडायला निदान महिनाभर लागतो. तीन वस्तू एकदम आणल्या तर त्यांतील दोन फडताळात जातात, हे मी स्वतःच्या घरात आणि इतरांच्याही घरात पाहिले आहे.

दुसरी पायरी: दुकानात डोळ्यांआधी हाताला विचारावे

वस्तू प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय घेऊ नये. छायाचित्रात वजन दिसत नाही, कडेची धार दिसत नाही आणि आतली बाजू तर मुळीच दिसत नाही. हातात घेतल्यावर क्षणभर डोळे मिटावे आणि काठावरून, जोडावरून, बुडाखालून बोट फिरवावे. कुठे खरखर लागली किंवा कडा बोचली तर त्याच जागी पुढे घाण अडकणार किंवा हात कापणार हे समजावे. नंतर घरात जी हालचाल करायची ती तिथेच करून पाहावी. तांब्यात पाणी भरून मागावे, विळीवर बसून पाहावे, डब्याचे झाकण दहा वेळा उघडून लावावे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही. शेवटी एक प्रश्न नक्की विचारावा, तो म्हणजे बिघडले तर दुरुस्त कोण करील. ज्या वस्तूच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नसते, ती कितीही सुंदर असली तरी फार वर्षे टिकेल अशी आशा धरू नये.

तिसरी पायरी: तांब्या

तांब्याच्या भांड्यांसाठी पुण्यातील कसबा पेठेतल्या तांबट आळीचे नाव प्रसिद्ध आहे. तांबट कारागीर पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन तिथे वसले. घंगाळे, हंडे आणि पाणी तापवायचे बंब ही तिथल्या कामाची ओळख आहे. या भांड्यांच्या अंगावर जे छोटे चकाकते खळगे ओळीने दिसतात, त्यांना मठारकाम म्हणतात. पुष्कळांना ती नक्षी वाटते, पण तिचे मूळ काम वेगळे आहे. तांबे तापवून थंड केले की मऊ होते आणि ठोकले की कडक होत जाते. म्हणून भांडे घडवून झाल्यावर सगळ्या अंगावर हातोडीचे ठोके देतात. त्यामुळे पत्रा ताठ होतो, भांड्याला सहज पोचे येत नाहीत आणि वापरातले ओरखडेही त्या खळग्यांत दिसेनासे होतात.

हाताचे मठारकाम आणि यंत्राने दाबून उठवलेला नमुना यांतील फरक ओळखणे अवघड नाही. हाताच्या कामात ठोके भांड्याभोवती वलये करीत जातात, एकमेकांना किंचित झाकतात आणि पोटाच्या फुगीर भागावर त्यांचा आकार थोडा बदलतो. यंत्राचा प्रत्येक खळगा हुबेहूब दुसऱ्यासारखा आणि उथळ असतो. यंत्राचे भांडे वाईट असते असे नाही, मात्र हाताच्या कामाची किंमत त्यासाठी देऊ नये.

पत्र्याची जाडी पाहण्यासाठी काटा पुरेसा आहे. साधारण गोलसर अशा एक लिटरच्या तांब्याला सुमारे ५०० चौरस सेंटीमीटर पत्रा लागतो आणि तांब्याची घनता दर घन सेंटीमीटरला ८.९६ ग्रॅम असते. या हिशेबाने २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाड पत्र्याचा तांब्या ४०० ग्रॅमच्या आसपास, २२ गेजचा सुमारे ३२० ग्रॅम आणि २४ गेजचा सुमारे २५० ग्रॅम भरतो. रोजच्या वापरासाठी ३०० ग्रॅमच्या वरचा घ्यावा. २५० ग्रॅमहून हलका असेल तर तो नळाखाली दोनदा आपटल्यावर चेपणार. लोहचुंबक सोबत न्यावे, कारण लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेली भांडीही बाजारात असतात आणि ती चुंबकाला चिकटतात. मात्र काही प्रकारचे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबक चिकटला नाही एवढ्यावर समाधान मानू नये. आतली बाजू बाहेरच्याच रंगाची आहे ना, हेही पाहावे.

नव्या तांब्यावर कधी कधी चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लाख किंवा वार्निश चढवलेले असते. शोभेच्या भांड्यावर ते चालते, पिण्याच्या भांड्यात चालत नाही. मी एकदा चित्रावरून मागवलेल्या जगाच्या आतल्या बाजूचा असा थर महिन्याभरात पापुद्र्यांसारखा सुटला आणि तो जग आता झाडांना पाणी घालण्याच्या कामी येतो. दुकानात नखाने काठाजवळ हलके खरवडून पाहावे आणि आत वार्निश नाही असे स्पष्ट विचारून घ्यावे.

घरी आणल्यावर चिंचेचा कोळ किंवा लिंबाची फोड आणि मीठ यांनी भांडे आतून-बाहेरून चोळावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. आम्लामुळे वरचा काळसर थर विरघळतो आणि तांबे उजळते. पण तेच आम्ल अंगावर राहिले तर डाग पडतात, म्हणून घासणे आणि धुणे यांत वेळ जाऊ देऊ नये. तारेची घासणी अजिबात वापरू नये. बाहेरचा तपकिरी रंग आवडत असेल तर तो खुशाल राहू द्यावा, आतली बाजू मात्र आठवड्यातून दोनदा स्वच्छ करावी.

पाण्यात तांबे किंचित उतरते आणि पाणी जितके आंबट व जितके जास्त वेळ राहील तितके जास्त उतरते. पिण्याच्या पाण्यात ते एका लिटरला २ मिलिग्रॅमहून अधिक नसावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणून रात्री भरलेले पाणी सकाळी संपवावे, तीन-चार दिवसांचे पिऊ नये. ताक, सरबत, सोलकढी, चिंचेचे सार यांतले काहीही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. विल्सनच्या आजारात शरीराला जादा तांबे बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे तो आजार असलेल्यांनी या भांड्यांतले पाणी टाळावे.

स्वयंपाकासाठी तांब्याचे पातेले घ्यायचे असेल तर आत कल्हई हवीच. कल्हईवाला भांडे स्वच्छ करून तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून भराभर पसरवतो. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: कथील शुद्ध हवे आणि त्यात शिसे नको. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, पण शिसे अन्नात उतरते आणि ते विषारी आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, त्यात लाकडी पळी वापरावी आणि आतून तांबूस रंग दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यावी.

चौथी पायरी: बिडाचा तवा

बीड म्हणजे ओतीव लोखंड. पत्र्याच्या लोखंडी तव्याहून ते जाड असते, हळू तापते आणि उष्णता बराच वेळ धरून ठेवते. म्हणून आंबोळी, घावन, थालीपीठ यांना सगळीकडे सारखा रंग येतो. घेताना तवा एका हाताने टांगता धरून लाकडी दांड्याने हलकेच वाजवावा. घंटेसारखा आवाज आला तर तो अखंड आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असण्याचा संभव आहे. सपाट तवा फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे आणि पृष्ठभागावरून तळवा फिरवून ओतकामाचे मोठे उंचवटे नाहीत ना याची खात्री करावी. वजन हा तव्याचा गुण आहे, पण रोज उचलणाऱ्या माणसाच्या मनगटाला तो पेलला पाहिजे. ज्यांच्या सांध्यांना त्रास आहे त्यांनी दोन कान असलेला तवा घ्यावा.

तवा मुरवण्याचे काम सुट्टीच्या दिवशी करावे, त्याला दोन-तीन तास लागतात. आधी साबण आणि खरखरीत घासणीने कारखान्यातले तेल व काळे पूर्ण काढावे, कारण पुढे साबणाचा इतका वापर करायचा नाही. धुतल्यावर लगेच आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करावा. मग जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल चमचाभर घेऊन दोन्ही बाजूंना चोळावे आणि चुकून लागलेले तेल पुसून टाकतो त्याप्रमाणे स्वच्छ फडक्याने ते जवळजवळ सगळे पुसून घ्यावे. या टप्प्यावर बहुतेकांची चूक होते. तेल जास्त राहिले तर ते चिकट होऊन बसते. पातळ थर तापला की तेलातले घटक हवेतल्या प्राणवायूमुळे एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा कडक, काळा, गुळगुळीत थर होतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवून तवा मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा, आपोआप निवू द्यावा आणि हीच कृती तीन-चार वेळा करावी.

पहिल्या आठवड्यात त्यावर आंबोळी घालू नये. कांदा परतावा, पुऱ्यांच्या उरल्या तेलात बटाट्याच्या काचऱ्या कराव्यात, तेल लावून भाकरी भाजाव्यात. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेले पदार्थ पहिला महिनाभर दूर ठेवावेत, कारण आम्लाने कोवळा थर निघून जातो. आणि तापलेल्या तव्यावर थंड पाणी कधीही ओतू नये. माझ्या आईचा पंचवीस वर्षांचा तवा एका संध्याकाळी घाईत मी असाच नळाखाली धरला आणि तो मधोमध तडकला. बीड कडक असते, पण ठिसूळही असते, एकाएकी थंड झाले की ते तुटते. वापरानंतर कोमट पाण्याने धुवावा, आचेवर कोरडा करावा, तेलाचे एक बोट फिरवावे आणि उभा ठेवावा. गंज आला तर जाड मिठाने घासून पुन्हा पहिल्यापासून मुरवावा, तवा वाया गेला असे समजू नये.

पाचवी पायरी: विळी

सुरीत भाजी स्थिर असते आणि पाते फिरते. विळीत पाते स्थिर असते आणि भाजी फिरते. या एका उलटापालटीमुळे दोन्ही हात मोकळे राहतात. कोबी दोन्ही हातांनी धरून केसासारखा चिरता येतो, फणस फोडता येतो, आणि धार आपल्याकडे तोंड करून उभी असल्याने डावखुऱ्या माणसालाही तीच विळी सहज चालते. टोकाला खोवणी असल्यामुळे एकाच वस्तूत दोन साधने बसतात, आणि बसणाऱ्याच्या पायाचा भार पाटावर असल्याने वेगळी पकड लागत नाही. गोव्यात तिला आदोळी म्हणतात, मालवणीत आडाळो.

घेताना पाटावर प्रत्यक्ष बसावे आणि खोवणीच्या टोकावर तळव्याने जोर द्यावा. पाट मागून उचलला गेला तर तो लहान किंवा हलका आहे. मिटणारी विळी असेल तर पाते उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे, खिळ्यापाशी जरासुद्धा खेळ नको. खोवणीचे दाते कानशीने घासून टोकदार केलेले असावेत, नुसते पत्रा कापून काढलेले दाते खोबरे खोवत नाहीत, करवंटीसकट ओरबाडतात. साध्या पोलादाच्या पात्याला धार चांगली लागते, मात्र ते गंजते. म्हणून लिंबू किंवा कच्चे केळे चिरल्यावर ताबडतोब धुवून, पुसून खोबरेल लावावे. जमिनीवर बसणे जमत नसेल तर ओट्यावर ठेवायची लोखंडी बैठकीची छोटी विळी मिळते, ती उभ्याने वापरता येते. पाते वळणदार असल्यामुळे धार लावताना पाते दगडावर न घासता लहान दगडच पात्यावरून एका दिशेने फिरवावा. काम संपताच पाते मिटावे किंवा विळी भिंतीकडे तोंड करून आडवी ठेवावी. घरात रांगते मूल असेल तर हा नियम एकदाही मोडू नये.

सहावी पायरी: मिसळणाचा डबा आणि रोवळी

गोल डब्यात सात वाट्या का असतात, याचे उत्तर भूमितीत आहे. एका वर्तुळाभोवती तेवढीच सहा वर्तुळे अगदी नेमकी बसतात, ना जागा उरते ना दाटी होते. त्यासाठी डब्याचा आतला व्यास वाटीच्या व्यासाच्या तिप्पट असावा लागतो. वाटी ७ सेंटीमीटरची असेल तर डबा आतून २१ सेंटीमीटरचा हवा. दुकानात डबा हलवून पाहावा, वाट्या खुळखुळल्या तर हे प्रमाण चुकले आहे आणि हळद मोहरीत जाणार. झाकण लावल्यावर वाट्यांच्या काठांना आतून टेकते का, तेही पाहावे. याहून अधिक पारख या डब्याला लागत नाही.

रोवळी मात्र शहरांतल्या घरांतून जवळजवळ दिसेनाशी झाली आहे आणि मला ती परत यावी असे मनापासून वाटते. तांदूळ धुण्यासाठी बुरूड कारागीर विणतात ती ही बांबूची टोपली. विणीच्या फटींतून पाणी निथळते, दाणा अडतो, आणि निथळलेल्या तांदळांना हवा लागत राहते. घेताना कामट्यांकडे नीट पाहावे. बांबूच्या सालीकडची कामटी चकचकीत आणि टणक असते, पाणी सोसते. गाभ्याकडची निस्तेज, मऊ असते आणि लवकर काळी पडते. काठ घट्ट बांधलेला असावा आणि आतून तळवा फिरवताना सळ टोचू नये. बांबूत पिष्ट असते, त्याच्या ओढीने भुंगा लागतो आणि पिवळसर पूड पडू लागते. नवी रोवळी दोन दिवस पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवली की पिष्टाचा काही भाग निघून जातो. पूर्वी चुलीच्या धुराने हे राखणीचे काम आपोआप होत असे. आता तिला वापरानंतर झटकून, हवेशीर जागी खिळ्याला टांगावे आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी तासभर उन्हात ठेवावे. ओली रोवळी बंद कपाटात ठेवली तर तिला बुरशी येते.

परदेशी राहणाऱ्यांसाठी

या वस्तूंपैकी विळी आणि तवा परदेशी नेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. विळी विमानात हातातल्या सामानातून नेता येत नाही. ती मिटवून, पात्यावर जाड पुठ्ठा बांधून, मोठ्या बॅगेतच ठेवावी. बिडाचा तवा कपड्यांच्या घडीत मधोमध ठेवावा, कडेला ठेवला तर बॅग आपटल्यावर तो फुटू शकतो. तिकडे इंडक्शनची शेगडी असेल तर सपाट बुडाचा बिडाचा तवा तिच्यावर चालतो, निव्वळ तांब्याचे भांडे मात्र साध्या इंडक्शनवर तापत नाही. काचेच्या शेगडीवर तवा ओढून सरकवू नये, उचलून ठेवावा. कल्हई तिकडे सहजी करून मिळत नाही, म्हणून तांब्याची स्वयंपाकाची भांडी न नेता फक्त पाण्याचा तांब्या न्यावा, त्याला चिंच आणि मीठ पुरते.